पणजीच्या बोटीवरची हाक

पहिलंच सांगून टाकते, मला जुगार आवडत नाही. मोठ्यानं लावलेली गाणी आवडत नाहीत, आणि पिऊन एकमेकांच्या गळ्यात पडणारी माणसं तर बघवत नाहीत. आमच्या ह्यांनाही नाही. तरी गेल्या वर्षी आम्ही दोघं विट्याहून उठून पणजीला गेलो आणि कॅसिनोच्या बोटीवर जाऊन बसलो. का गेलो? तर माझा नवरा घरी राहणार की परत सेलमला जाणार, ह्याचा निकाल तिथं लागायचा होता म्हणून.

आमच्या विट्याकडं घरटी एक माणूस गलाईत असतो. गलाई म्हणजे मोडीचं सोनं-चांदी भट्टीत आटवून शुद्ध करून द्यायचं काम. सोनाराच्या दुकानातली झाडून काढलेली धूळसुद्धा आमची माणसं विकत घेतात आणि त्यातनं सोनं काढतात. हे काम गावात बसून होत नाही. कोण दिल्लीला, कोण नेल्लोरला, कोण कुठं आसामात. आमचे हे तामिळनाडूत, सेलमला. लग्न झाल्यावर महिन्याच्या आत गेले, ते तीस वर्षं तिथंच. माझ्या वाट्याला दिवाळी आणि गावची जत्रा. बाकी सासू-सासरे, पोरं, शेत, म्हशी, लग्नं, मयतं सगळं मी बघितलं. रडगाणं गात नाही, आमच्या आळीत सगळ्याच बायकांचं असंच आहे.

त्या सहलीच्या आदल्या दिवाळीला हे आले ते परत गेलेच नाहीत. भट्टीसमोर उकिडवं बसून गुडघे गेले होते. दुकान मोठ्या दिरांच्या मुलाकडं सोपवलं आणि म्हणाले, "बघू, जरा दम खातो." पहिला महिना मला नुसता ताप. पहाटे उठून स्वयंपाकघरात खुडबुड, माझे डबे इकडचे तिकडं, जिऱ्याच्या डब्यात मोहरी. एक दिवस बघते तर गॅसवर रसम! मी म्हणलं, "आवं, हे चिंचेचं पाणी कोण पिणार?" तर म्हणाले, "पी तर खरं." प्यायले. दुसऱ्या दिवशी मीच विचारलं, "आज करणार न्हाई व्हय?"

संध्याकाळी मायणी रस्त्यानं फिरायला जायला लागलो. सुरुवातीला ते पुढं आणि मी मागं, आमच्यात चालायची पद्धतच तशी. मग ते मधेमधे थांबायला लागले. उन्हाळा येईपर्यंत आम्ही शेजारून चालत होतो. आळीतल्या बायका हसायच्या, "काय वैनी, नवीन लगीन झालंय का काय!" मी वरनं रागवायची. आतनं मला लय गोड वाटायचं, खोटं कशाला बोलू.

आणि तेवढ्यात पुतण्याचा फोन आला. फोन स्पीकरवर होता आणि मी भाकरी थापत होते. "काका, जुनी गिऱ्हाइकं तुमचं तोंड बघितल्याबिगर सोनं सोडंनात. मी दुसरं दुकान टाकतोय, तुमी जुन्यावर बसा. पाच वर्षं फकस्त." हे म्हणाले, "सांगतो." पुतण्या म्हणाला, "गोव्याला भेटतोयच की. तिथं काय ते सांगा." गोव्याची सहल त्यानंच ठरवली होती. दक्षिणेतल्या गलाईवाल्यांची सात-आठ जोडपी, विट्याहून गाडी, पणजीत हॉटेल आणि एक दिवस कॅसिनो. तो स्वतः चेन्नईहून विमानानं येणार होता. पोरगा कामाचा वाघ, पण त्याला त्या कॅसिनोचा नाद आहे.

मी काही बोलले नाही. आता तुम्ही म्हणाल, का बाई, तोंड नव्हतं का? तोंड आहे, आणि ते चांगलं चालतं, आमच्या भाजीवाल्याला विचारा. पण "जाऊ नका" एवढं म्हणायची माझ्या तोंडाला सवयच नव्हती. पिशवीत चटणीची बरणी घालायची, स्टँडवर जाऊन गाडीत बसवून द्यायचं, "पोचल्यावर फोन करा" म्हणायचं, एवढंच येत होतं. शिवाय मला राग होता. ह्यांनी आपणहून म्हणावं ना, मी जात नाही म्हणून! मी का सांगू? ह्या रागातच मी धपाटे भाजले, बॅग भरली आणि गाडीत चढले.

गाडीत मात्र मजा आली. निपाणी सोडली आणि बायकांनी गाणी सुरू केली, आमची आपली, देवाची आणि लग्नातली. सांगलीहून घेतलेलं भडंग आंबोलीच्या घाटातच संपलं. एकीला घाट लागला, ती लिंबू हुंगत बसली आणि लिंबू हुंगता हुंगता माझे धपाटे खात होती. हे खिडकीशी बसले होते. मधेच मला म्हणाले, "ह्या रस्त्यानं मी कवाच आलो न्हवतो." मी म्हणलं, "मी तर कुठल्याच रस्त्यानं आले न्हवते." ते हसले आणि सरकून मला खिडकीची जागा दिली.

पुतण्या पणजीत येऊन मिळाला आणि कॅसिनोला आम्ही दुपारीच गेलो. दुपारचं तिकीट स्वस्त असतं म्हणे, आणि गलाईवाला माणूस स्वस्त सोडून महागात शिरत नाही. बोट मांडवीच्या मधोमध उभी, तिच्यापर्यंत छोट्या लाँचनं जायचं. धक्क्यावरच पहिला घोळ झाला. पुरुषांनी चप्पल घालून आत जायचं नाही असा तिथला नियम, आणि आमचे हे कोल्हापुरी चपलेत. शेवटी आमच्या ड्रायव्हरनं आपले बूट काढून दिले. ते ह्यांना आखूड. हे पाय वाकडे टाकत चालायला लागले आणि ड्रायव्हर ह्यांच्या चपला घालून ऐटीत किनाऱ्यावर फिरायला गेला. मग माझी पर्स तपासली. त्यातनं शेंगदाण्याच्या चटणीचा डबा निघाला. तपासणाऱ्या पोरीनं झाकण उघडून वास घेतला आणि तिला जोराचा ठसका लागला. डबा तिथंच ठेवून घेतला. मी म्हणलं, "राहू दे, पोरी. खा तूच, भात असला की."

आत शिरलो तर अगं बाई, काय तो थंडावा! मी पदर दोन्ही खांद्यांवरनं घेतला. खिडकी एक नाही, घड्याळ एक नाही. दिवस आहे का रात्र, कळायची सोय नाही. हिरव्या टेबलांभोवती माणसं गोळा झालेली, चक्रं फिरतायत, मशिनं किणकिणतायत, एका बाजूला स्टेज आणि त्यावर गाणं चाललेलं. तिकिटाबरोबर सगळ्यांना खेळायला प्लास्टिकच्या चकत्या दिल्या. ह्यांनी एक चकती तळहातावर घेतली, हात जरा खालीवर केला. त्यांची जुनी सवय. मग म्हणाले, "हलकी हाय." आणि सगळ्या चकत्या, चष्मा आणि फोन माझ्या पर्समध्ये टाकून मोकळे झाले.

आमच्यातले बाकीचे लगेच पांगले. पुरुष टेबलांना चिकटले, बायका मशिनांना. ज्या बाया वर्षभर कोथिंबिरीच्या जुडीवरनं भांडतात, त्या बटणं दाबून ओरडायला लागल्या. आम्ही दोघं जेवणाच्या बाजूला एक कोच बघून बसलो. पोटभर जेवलो, मासे तर झकास होते. चहा दोनदा प्यायलो. आणि मग नुसतं माणसं बघत बसलो. समोरनं एक बाई गळाभर हार घालून गेली. हे माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "त्यात पितळ जास्त हाय." मागनं एकजण जाड साखळी घालून आला. "हे?" मी विचारलं. "हे चोख. पर कडी बदलाय झालीय." असं आमचं सुरू झालं. मी हसून हसून बेजार. शेजारचा एक साहेब वळून बघायला लागला, की ह्या म्हाताऱ्यांना एवढं काय मिळालं! तीस वर्षांत आम्ही दोघं इतका वेळ नुसते शेजारी बसलोय असं कधी झालं नव्हतं. घरी सासूबाई असायच्या, पोरं असायची, पाहुणे असायचे. त्या बोटीवर ओळखीचं कुणी आमच्याकडं बघत नव्हतं. मला वाटलं, जुगार लागू दे कुणाला लागायचा तो, मला माझं मिळालं.

मग मी हात धुवायला गेले. सगळीकडं आरसे, सगळे दरवाजे सारखेच. वाट चुकत परत आले तर कोच रिकामा. शेजारच्या मशिनीवर आमच्यातलीच एक बसली होती, तिला विचारलं. ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "तुझ्या पुतण्यानं वर नेलं त्यांना. बोलायचं हाय म्हणला."

मला हे पक्कं माहीत होतं, की ह्यांना तोंडावर नाही म्हणता येत नाही. पुतण्या गोड बोलणार, खांद्यावर हात टाकणार, आणि हे "येतो" म्हणून बसणार. आणि गलाईत शब्दाला लय किंमत. लाखोंचं सोनं नुसत्या शब्दावर ह्या हातातनं त्या हातात जातं. एकदा "येतो" म्हणले की मग माझा नवरा जिवात जीव असेपर्यंत तो शब्द मोडणार नाही. तिथं उभ्या उभ्या मला डोळ्यांसमोर रिकामं स्वयंपाकघर दिसलं. सगळे डबे आपापल्या जागेवर असलेलं. मला ते नको होतं. राग-बिग सगळा गेला. आधी वर पोचायचं आणि सांगायचं, एवढंच डोक्यात राहिलं.

जिन्यापाशी एक धिप्पाड माणूस उभा. त्यानं माझ्या मनगटावरची पट्टी बघितली आणि मान हलवली. वर जायला सोनेरी पट्टी लागते, माझी निळी. पुतण्या नेहमीचा, त्यानं काकाला पाहुणा म्हणून वर नेलं होतं. मी म्हणलं, "मेरे मिस्टर ऊपर है, बुलाव." तो नम्रपणानं म्हणाला, "सर का नाम बताइए मॅडम, बुलवा लेता हूँ."

झालं! नाव कसं सांगू?

आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत. आताच्या पोरी घेतात, अरे-तुरेही करतात, त्यांचं चांगलं आहे. मी आजवर घेतलेलं नाही. ऑफिसात विचारलं तर आधार कार्ड पुढं सरकवायचं, दवाखान्यात विचारलं तर पोरांना सांगायला लावायचं. माझ्या फोनमध्येसुद्धा त्यांचा नंबर "हे" म्हणून आहे. आणि कार्डं तर सगळी हॉटेलात. ह्यांचा फोन माझ्याच पर्समध्ये, आणि पुतण्याला बोलवावं तर तो आधी काकाचा शब्द घेऊनच खाली येणार. मी म्हणलं, "वो सफेद शर्ट, मिशी है, थोडा लंगडते है." तो म्हणाला, "मॅडम, ऊपर बहुत सफेद शर्ट है." मी जिन्याखाली उभी राहून जोरात हाक मारली, "आवं! आवं, ऐकलं का!" तर खालच्याच टेबलांवरच्या आमच्या चार पुरुषांनी वळून बघितलं. विट्याच्या सगळ्या बायका अशीच हाक मारतात. माझा म्हणावा तो काही त्यात नव्हता.

मशिनीवरच्या बाईकडं पळत गेले. "बाई, जरा चल, माझ्या ह्यांचं नाव सांग त्या माणसाला." ती म्हणाली, "थांब गं जरा, आत्ता कुठं द्याय लागलंय." मशीन तिला काही देत नव्हतं, पण तिथनं ती उठणार नव्हती हे दिसत होतं. तेवढ्यात जिन्यावरच्या माणसानंच मला खूण केली आणि स्टेजकडं बोट दाखवलं. तिथला माइक सगळ्या मजल्यांवर ऐकू जातो म्हणाला.

स्टेजवर चमचमता झगा घातलेली एक पोरगी होती, कार्यक्रम सांगणारी. गोड होती. मी तिला कसंबसं सांगितलं, की माणूस वर आहे आणि मला आत्ताच्या आत्ता पाहिजे. तिनं विचारलं, "आंटी, अंकल का नाम?" मी वर बोट दाखवलं. "नाम आंटी, नाम?" मी पदराशी खेळत उभी. तिला काय वाटलं कोण जाणे. हसली, गाणं थांबवायला लावलं आणि माइक माझ्याच हातात दिला. "आप ही बुला लो."

हातात माइक, समोर सगळी बोट. गाणं थांबल्यामुळं सगळे बघायला लागलेले. आणि मग मला आठवलं, की नाव घेतलेलं आहे मी. लग्नात, डोहाळजेवणात, हळदीकुंकवात. उखाण्यात. नाव घ्यायचा तेवढा एकच रस्ता मला माहीत होता. पदर सारखा केला, डोळे मिटले आणि सुरू केलं:

"पणजीच्या बोटीत दिव्यांचा लखलखाट..."

एवढं म्हणेपर्यंत पुढचं काय येणार ते मलाच ठाऊक नव्हतं. विट्याच्या बायकांनी मशिनं सोडली. आणि मग ह्यांचं नाव, चांगलं ठसठशीत, "राव" लावून. ते मी इथं लिहीत नाही, तुम्हाला काय करायचंय? आणि पुढं,

"...रावांनी आता सेलमची सोडावी वाट!"

मग आमच्या बायकांनी जो काही कल्लोळ केला! मघाचची ती मशीनवाली तर खुर्चीवर उभी राहिली. "आणि एक! आणि एक!" ज्यांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं, तेही टाळ्या वाजवायला लागले. झग्यातली पोरगी मला मिठी मारून विचारत होती, "आंटी, क्या बोला आपने?" मला कुठलं सांगता येतंय?

हे जिन्यावरनं आले. त्या आखूड बुटांत, कठड्याला धरून, दोन-दोन पायऱ्या एकदम. गुडघे दुखणारा माणूस असा उतरताना मी पहिल्यांदा बघितला. मागनं पुतण्या. त्या पोरीनं ह्यांच्यापुढं माइक धरला, तो ह्यांनी हातानं बाजूला केला. माझ्याकडं बघितलं. मग पुतण्याकडं वळले.

"बाळा, मगाशी तुला येतो म्हणलो."

म्हणजे म्हणून झालं होतं. मी खालीच बघायला लागले.

"त्यो शब्द माघारी घेतो," हे म्हणाले. "आजवर कुणाला दिलेला शब्द मागं घेतला न्हाई. ह्यो घेतो."

आमचे चार पुरुष टेबलं सोडून जवळ आले होते. त्यांना कळत होतं हे काय बोललं गेलं ते. मला भीती वाटली, पोरगं दुखावलं बहुतेक. पण तो पुढं आला, वाकून माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "काकू, घरात सांगितलं असतं तर मी काकांना तुमच्याम्होरं पटवलं असतं. सगळ्या बोटीत वरडून सांगितलंत. आता कुठं बोलू मी?" सगळे हसले. मग म्हणाला, "माझा मेव्हणा हाय की रिकामा. त्येला घेतो हाताखाली. गिऱ्हाइकं रुसली तर काकांनी फोनवर बोलायचं, चालंल?" हे म्हणाले, "फोनवर पायजे तेवढं." पोरगा वाघ आहे म्हणलं ना मी, उगीच नाही.

नंतर आम्ही दोघं बाहेरच्या बाजूला, उघड्यावर जाऊन उभे राहिलो. आत मघासारखं गाणं सुरू झालं होतं. बाहेर अजून चांगलं ऊन होतं, नदीवर वारा सुटला होता, पलीकडनं एक फेरीबोट माणसं आणि स्कूटरी घेऊन चालली होती. हे वाकून बुटाच्या नाड्या सोडत होते. मी म्हणलं, "लय चावले व्हय?" त्यांनी बूट काढले, हातात धरले आणि नदीकडं बघत म्हणाले,

"मला वाटलं तुला सवय झालीया."

"कशाची?"

"मी नसल्याची. घरात आल्यापासनं बघतोय, तुझं सगळं जिथल्या तिथं. माझी उलट अडचणच व्हती. म्हणलं, हिला सांगाय येत न्हाई, आपणच जावं."

एवढे दिवस मी रागात बसले होते, की हे आपणहून राहतो म्हणत नाहीत. आणि हे वाट बघत होते, की मी राहा म्हणेन. मला एकदम रडूच आलं. रडत रडतच मी चिडले. "सवय कराय लागली व्हती. झाली न्हाई! प्रत्येक बारीला स्टँडवरनं घरी येस्तोवर मी कसं डोळं पुसलंय, माझं मला म्हाईत."

"मग सांगायचं न्हाईस व्हय?"

"तुमी इचारायचं न्हाई व्हय?"

मग हेच पहिल्यांदा हसायला लागले, आणि मग मला आवरेना. एका हातात बूट आणि दुसरा हात कठड्यावर, असे ते हसत होते. हसणं थांबल्यावर इकडं तिकडं बघितलं, आणि हळूच म्हणाले,

"आणि एकदा घे की नाव."

"कशाला?"

"वर स्पीकरात नीट ऐकाय आलं न्हाई."

खोटं बोलत होते. सगळ्या बोटीला ऐकू गेलं होतं. मी म्हणलं, "दुसरा उखाणा येत न्हाई मला." तर म्हणाले, "नुसतं घे."

मी मागं बघितलं. जवळपास आपलं कुणी नव्हतं. मग घेतलं. यमक नाही, राव नाही, नुसतं नाव, जसं त्यांच्या आईनं घेतलं असेल तसं.

आणि हे, माझ्या खांद्याला खांदा लावून उभे असलेले, "ओ" म्हणाले.